घरच्या स्टिरिओला दुसरा ॲम्प्लिफायर जोडताना : बाय-ॲम्पिंग, बॅलन्स्ड केबल आणि अर्थिंग

चांगल्या टॉवर स्पीकरची पाठ पाहिली तर बऱ्याचदा दोनऐवजी चार टर्मिनल दिसतात. वरची जोडी ट्वीटरची (वरचे स्वर वाजवणारा छोटा ड्रायव्हर), खालची वूफरची (खालचे स्वर वाजवणारा मोठा ड्रायव्हर), आणि दोन्ही जोड्यांना एकत्र बांधणाऱ्या पितळेच्या दोन चपट्या पट्ट्या. आमच्या नागपुरात बर्डीवरच्या दुकानात असा स्पीकर घेताना हमखास कानावर येतं, ‘साहेब, उद्या दुसरा ॲम्प घेतला की याला बाय-ॲम्प करता येते.’ बाय-ॲम्प म्हणजे एकाच स्पीकरच्या वूफरला एक आणि ट्वीटरला एक असे वेगळे ॲम्प देणं. करता येतंच. पण ते कसं करायचं, त्यानं काय साधतं आणि काय साधत नाही, हे कोणी बसून सांगत नाही. दुसरा ॲम्प आल्याबरोबर घरात एक नवी भुणभुण का सुरू होते, हे तर नाहीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बाय-ॲम्पिंग आणि बॅलन्स्ड जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घरात त्या एकत्रच याव्यात. ॲम्पसारखे डबे वाढले की त्यांच्यात अर्थिंगचे रस्ते वाढतात, रस्ते वाढले की हम, म्हणजे विजेची भुणभुण, येतो, आणि त्या हमवरचा खरा उपाय सिग्नलची तीन पिनांची बॅलन्स्ड केबल आहे. ‘बॅलन्स्डनं आवाज गोड होतो’ म्हणून ती घेऊ नका. डबे जास्त आहेत म्हणून घ्या.

चार टर्मिनल कशासाठी

स्पीकरच्या पेटीत वूफर आणि ट्वीटर यांच्यात कामाची वाटणी करणारं एक सर्किट असतं, तो क्रॉसओव्हर. तांब्याच्या तारेची कॉइल खालचे स्वर वूफरकडे जाऊ देते आणि वरचे अडवते. कपॅसिटर याच्या उलट वागतो आणि नाजूक ट्वीटरला जड स्वरांपासून वाचवतो. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये ही वाटणी साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान होते. तबला लावला की ती कानाला कळते. डग्ग्याचा घुमारा आणि तबल्याच्या सुराचा गाभा वूफरमधून येतो, चाटेवर पडलेल्या बोटाचा कडक आघात ट्वीटरमधून.

पट्ट्या जागेवर असतात तेव्हा एकच ॲम्प दोन्ही भाग सांभाळतो. पट्ट्या काढल्या की क्रॉसओव्हरचे दोन भाग सुटे होतात आणि प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प देता येतो. हे पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग. घरांत होतं ते बहुतेक हेच.

इथे एक हिशेब चुकतो. १०० वॉटचे दोन ॲम्प लावले म्हणजे २०० वॉट झाले, असं वाटतं. तसं होत नाही. पॅसिव्ह पद्धतीत दोन्ही ॲम्पना संपूर्ण सिग्नलच जातो. ट्वीटरकडच्या ॲम्पलाही डग्ग्याचा अख्खा व्होल्टेज उभा करावा लागतो. त्या स्वरांचा करंट मात्र त्याला द्यावा लागत नाही, कारण पुढचा कपॅसिटर तो घेतच नाही. आता ॲम्प क्लिप होतो, म्हणजे लाटेचा माथा छाटला जातो, तो व्होल्टेजची कमाल मर्यादा गाठल्यावर. ती मर्यादा पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगमध्ये होती तिथेच राहते. हलका होतो तो फक्त करंटचा बोजा. अवघड वूफर ओढताना ॲम्पचा पॉवर सप्लाय दमत असेल तर तेवढा फायदा होतो, आणि तो खरा आहे, पण छोटा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जोडीचा दुसरा ॲम्प घरात आधीच असेल तर पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग जरूर करून पाहा. फक्त त्यासाठी तो विकत घेऊ नका, तेच पैसे एका जास्त दमदार ॲम्पमध्ये घाला. एव्ही रिसीव्हरच्या (होम थिएटरच्या अनेक चॅनेलच्या ॲम्पच्या) मेनूत ‘बाय-ॲम्प’ नावाची सोय असते, तिथे तर मोकळे पडलेले चॅनेल वापरले जातात आणि सगळे चॅनेल एकाच पॉवर सप्लायवर जगतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

खरं बाय-ॲम्पिंग : वाटणी ॲम्पच्या आधी

क्रॉसओव्हर ॲम्पच्या पुढून काढून मागे नेला की चित्र पालटतं. प्रीॲम्पमधून (व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या, पॉवर ॲम्पच्या आधीच्या डब्यातून) आलेला सिग्नल आधी ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरमध्ये जातो, तिथे खालचे आणि वरचे स्वर वेगळे होतात, आणि मग प्रत्येक ॲम्पला फक्त त्याच्या वाट्याचे स्वर मिळतात. ॲम्पची तार थेट ड्रायव्हरला. मध्ये कॉइल नाही, कपॅसिटर नाही.

आकडे मांडून पाहू. समजा एका क्षणी खालच्या स्वरांना २० व्होल्टचं शिखर हवं आहे आणि वरच्या स्वरांनाही २० व्होल्टचं. दोन्ही एकाच ॲम्पमधून जात असतील तर शिखरं एकमेकांवर चढतात आणि ॲम्पला ४० व्होल्ट द्यावे लागतात. ८ ओहमच्या लोडवर ४० व्होल्टचं शिखर म्हणजे १०० वॉटचा ॲम्प. तेच स्वर वेगळे केले तर प्रत्येक ॲम्पला २० व्होल्ट पुरतात, म्हणजे फक्त २५ वॉट. आदर्श स्थितीत २५-२५ वॉटचे दोन ॲम्प १०० वॉटच्या एका ॲम्पचं काम करतात. प्रत्यक्ष संगीतात वरच्या स्वरांत ऊर्जा बरीच कमी असते, त्यामुळे फायदा इतका मोठा दिसत नाही. तरी एक गोष्ट पक्की मिळते. डग्ग्यावर जोरकस थाप पडून वूफरचा ॲम्प क्षणभर क्लिप झाला, तरी त्याची कर्कश चरचर ट्वीटरपर्यंत पोचत नाही.

आजचे ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर बहुधा लिंकविट्झ-रायली जातीचे असतात. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते, आणि लिंकविट्झ यांचा यावरचा लेख १९७६ चा. त्यांच्या रचनेत दोन्ही बाजूंचा उतार ऑक्टेव्हला २४ डेसिबल इतका तीव्र ठेवता येतो आणि जोडाच्या ठिकाणी वूफर-ट्वीटर एकाच वेळी, एकाच दिशेनं हलतात. त्यामुळे बेरीज सपाट येते. हल्ली हे सगळं डीएसपीच्या, म्हणजे सिग्नलवर डिजिटल हिशेब करणाऱ्या चिपच्या, छोट्या डब्यात होतं, त्यातच दोन ड्रायव्हरमधलं अंतर वेळेच्या हिशेबानं भरून काढता येतं.

पण कंपनीचा तयार स्पीकर उघडून त्याचा क्रॉसओव्हर काढायचा असेल तर आधी मोजमापाचा माइक आणि तो वापरायची तयारी हवी. कंपनीच्या क्रॉसओव्हरमध्ये नुसती वाटणी नसते. ट्वीटर वूफरपेक्षा जोरात वाजतो म्हणून त्याला दाबणारे रेझिस्टर असतात, पेटीच्या रुंदीमुळे येणारी चढउतार सरळ करणारी दुरुस्ती असते. ती सगळी डीएसपीत नव्यानं बसवावी लागते. मोजमापाशिवाय केलं तर आवाज आधीपेक्षा वाईटच होईल. ज्यांना शिकायची खरी हौस आहे त्यांनी मात्र हे करावंच. ऐकण्याची समज इतकी वाढवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आणखी एक जपायचं. थेट जोडलेल्या ट्वीटरला आता कोणाचंही संरक्षण नाही. ॲम्प सुरू करताना येणारा एक ‘धप्प’ त्याची केसासारखी कॉइल जाळू शकतो. म्हणून ट्वीटरच्या तारेत एक नॉन-पोलर फिल्म कपॅसिटर घालतात. ८ ओहमच्या ट्वीटरला सुमारे ४० मायक्रोफॅरड लावला तर तो ५०० हर्ट्झच्या आसपास आपलं काम सुरू करतो, म्हणजे २५०० हर्ट्झच्या वाटणीपासून पुरेसा दूर राहतो आणि धोक्याचा दणका अडवतो.

पट्ट्या आणि गेन

पॅसिव्ह करणार असाल तर पहिली गोष्ट पट्ट्या. दोन्ही, लाल आणि काळी. सगळ्या डब्यांचे प्लग काढलेले असताना टर्मिनलच्या खाचदार गुंड्या बोटांनी सैल करायच्या, पट्टी ओढून काढायची, आणि मग मल्टिमीटर बझरवर ठेवून वरच्या लालपासून खालच्या लालपर्यंत तपासायचं. बझर वाजता कामा नये. काळ्यापासून काळ्यापर्यंतही तसंच. पट्टी चुकून राहिली तर दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना थेट जोडली जातात, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जायला क्षण पुरतो. काळ्याची तपासणी अनेक जण सोडून देतात, पण क्लास-डीच्या बऱ्याच ॲम्पमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं, तिथे ते दुसऱ्या ॲम्पच्या काळ्याला लागलं तर तेवढाच घात होतो.

दुसरी गोष्ट गेन, आणि बहुतेक घरचे सेटअप इथेच बिघडतात. ॲम्प आत आलेल्या व्होल्टेजला किती पटीनं वाढवतो ते गेन. एकाचा २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९ असेल, तर दुसरा १.४१ पट जास्त व्होल्टेज देतो. २९ वाला ट्वीटरवर गेला की चाट टोचायला लागते, डग्गा मागे सरतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘बाय-ॲम्पिंगनं काय डिटेल आली!’ ती डिटेल नव्हे, ते ३ डेसिबल आहेत.

मोजणं सोपं आहे. स्पीकर काढून ठेवा, मोबाईलवरून किंवा डॅकवरून (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्यावरून) १०० हर्ट्झचा सलग टोन द्या, आणि दोन्ही ॲम्पच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. साधा मल्टिमीटर या टापूत बरोबर दाखवतो, ५००० हर्ट्झवर त्याचा भरवसा नाही. एकावर २.०० आणि दुसऱ्यावर २.८३ दिसले तर फरक ३ डेसिबलचा. ज्याला मागे गेनचा नॉब असेल त्याचा नॉब कमी करून दोन्ही सारखे करा. नॉबच नसेल तर एकाच मॉडेलचे दोन ॲम्प घेणं हाच सरळ मार्ग. ट्यूब ॲम्प मात्र लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, कधीच चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

एकसारखे दोन स्टिरिओ ॲम्प असतील तर मी प्रत्येक स्पीकरमागे एक ठेवतो, एक चॅनेल वूफरला आणि एक ट्वीटरला. स्पीकरची तार हातभर पुरते, आणि प्रत्येक ॲम्पमध्ये एकच जड चॅनेल राहतो. पण असं केलं की प्रीॲम्पपासून ॲम्पपर्यंतची सिग्नलची तार चार-पाच मीटर लांब होते. इथे बॅलन्स्डची खरी गरज सुरू होते.

तीन पिना काय करतात

साध्या आरसीए केबलमध्ये दोनच वाटा असतात. मधली तार सिग्नल नेते, बाहेरची जाळी तो परत आणते. अडचण या जाळीची आहे. तीच जाळी दोन डब्यांच्या धातूच्या पेट्यांनाही जोडते, आणि पेट्या तीन पिनांच्या प्लगमधून भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. एक बंद वळसा तयार होतो आणि त्यातून विजेच्या लाइनचा थोडा करंट फिरत राहतो.

हा थोडा करंट किती त्रास देतो ते पाहा. जाळी आणि प्लगचे सांधे मिळून ०.१ ओहम धरा, आणि फिरणारा करंट १० मिलिअँपिअर. जाळीवर १ मिलिव्होल्ट उभा राहिला, आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळला, कारण सिग्नलचा परतीचा रस्ताही तोच. २६ डेसिबल गेनचा ॲम्प त्याला वीस पट करतो, म्हणजे २० मिलिव्होल्ट. ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर (२.८३ व्होल्टला १ मीटरवर) त्यावर ४७ डेसिबलचा आवाज काढतो. रात्री घर शांत असताना खोलीत बसणाऱ्याला तो चुकत नाही, विशेषतः त्यात १०० आणि १५० हर्ट्झच्या लहरी असल्या तर. डबे दोन असतील तर असा एक वळसा. प्रीॲम्प, क्रॉसओव्हर आणि दोन ॲम्प झाले की वळसे अनेक.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलला एकमेकींवर पिळलेल्या दोन तारा मिळतात आणि जाळी त्या कामातून मोकळी होते. पुढच्या डब्याचं इनपुट या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं. वाटेत आलेला हम दोन्ही तारांवर सारखाच बसतो, फरक काढला की तो वजा होतो. वजाबाकी किती चोख हे सीएमआरआर नावाच्या आकड्यात सांगतात. ६० डेसिबल म्हणजे हजारपट घट, म्हणजे १० मिलिव्होल्टचा हम १० मायक्रोव्होल्टवर. कल्पना जुनी आहे. पिळलेल्या दोन तारांचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनसाठी घेतलं होतं. आपल्या वसंतराव देशपांडे सभागृहात गायकाच्या माइकचा चिमुकला सिग्नल रंगमंचावरून मागच्या मिक्सरपर्यंत शाबूत जातो तो याच युक्तीवर, आणि तिथे तर बाजूनं दिव्यांच्या डिमरच्या जाड तारा गेलेल्या असतात.

वजाबाकी चोख व्हायची तर दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) सारखा हवा. दोन्हींवर सिग्नल उलटसुलट असलाच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे ‘आतून पूर्ण बॅलन्स्ड’ अशा जाहिरातीला भुलून दुप्पट पैसे मोजू नका.

केबल घरी बनवता येते आणि ती चांगली होते. टू-कोअर शिल्डेड माइक केबल आणि साउंडवाले ज्याला कॅनन म्हणतात ते एक्सएलआर कनेक्टर घ्या. कनेक्टरच्या आत, प्रत्येक खाचेशेजारी १, २, ३ असे बारीक आकडे कोरलेले असतात, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. जाळी सोडवून, पीळ देऊन, तिच्यावर स्लीव्ह चढवून पिन १ ला. लाल तार २ ला, दुसरी ३ ला. पिन २ गरम, हे एईएस या ऑडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९२ च्या मानकानं ठरलेलं आहे, पण त्याआधीच्या काही यंत्रांत ३ गरम असते. तसं एखादं जुनं यंत्र बाय-ॲम्पमध्ये आलं तर ट्वीटर आत जाताना वूफर बाहेर येतो आणि जोडाच्या स्वरांना भोक पडतं. सोल्डरिंग झालं की प्रत्येक डाग चमकदार आणि गुळगुळीत दिसला पाहिजे, राखाडी दाणेदार दिसला तर पुन्हा तापवा. शेवटी बझर लावून १ ते १, २ ते २, ३ ते ३, आणि कोणतीही दोन आपसात वाजत नाहीत एवढं पाहा.

एका आउटपुटमधून दोन ॲम्पना सिग्नल द्यायला वाय-केबल चालते. उलट, दोन आउटपुट एका इनपुटला वाय-केबलनं कधीच नाही. २० किलोओहमची दोन इनपुट समांतर आली की १० किलोओहम होतात, प्रीॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स त्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी असला की झालं.

एका ॲम्पला एक्सएलआर आणि दुसऱ्याला आरसीए असं मिश्रण टाळा. अनेक यंत्रांत एक्सएलआर आउटपुट आरसीएच्या दुप्पट व्होल्टेज देतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त, आणि एवढ्या कष्टानं जुळवलेला गेन पुन्हा विस्कटतो. डॅकला आरसीएच असेल तर टू-कोअर केबलनंच जा. आरसीएचं मधलं टोक एक्सएलआरच्या पिन २ ला, आरसीएची बाहेरची कडी पिन ३ ला, आणि जाळी एका टोकाला त्या कडीशी, दुसऱ्या टोकाला पिन १ शी. पूर्ण बॅलन्स्ड नाही, पण जाळीतला हम सिग्नलपासून बराच दूर राहतो.

आणि हम तरीही राहिला तर? मग दोष एखाद्या डब्याच्या आत असू शकतो. पिन १ धातूच्या पेटीलाच थेट जोडलेली हवी. ती सर्किट बोर्डच्या ग्राउंडवर नेलेली असेल तर जाळीवरचा कचरा आत शिरतो. ऑडिओ अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हे लिहून दाखवलं, तरी अशी यंत्रं अजून विकली जातात.

नागपूरचा उन्हाळा आणि भिंतीतली वीज

हम गेला नाही की सुचवला जाणारा ‘उपाय’ म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणं. हात जोडून सांगतो, हे करू नका. कुलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग नसलेला धातूचा डबा घरात म्हणजे तोच धोका, तोही दिवाणखान्यात. केबल टीव्हीची वायर काढून पाहा, लॅपटॉप चार्जरवरून काढून पाहा. बहुतेक वेळा चोर तिथे सापडतो.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला तर दोन-तीन व्होल्टच्या आत यावा. वीस-तीस दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण मे महिन्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालत राहणं हा जुन्या लोकांचा नेम बरोबर आहे.

सगळे डबे एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, म्हणजे त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडत नाही. कुलरची मोटर शक्यतो दुसऱ्या सर्किटवर. कुलरचा ओला झोत थेट ॲम्पवर येता कामा नये, त्यानं संपर्क हिरवे पडतात. पण हवा हवीच. बाहेर ४५ अंश असताना बंद कपाटात दोन ॲम्प कोंडले तर त्यांचे कपॅसिटर अकाली सुकतात. वर वीतभर मोकळी जागा आणि मागे उघडं असावं.

सुरू करताना आधी सोर्स, मग प्रीॲम्प, मग क्रॉसओव्हर, आणि सगळ्यात शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना नेमकं उलट. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट जाते आणि परत येते तेव्हा सगळे डबे एकाच क्षणी जागे होतात, आणि क्रॉसओव्हरचा सुरुवातीचा दणका थेट ट्वीटरवर आदळतो. म्हणून लाइट गेली की आधी पॉवर ॲम्पचे खटके बंद करा, आणि ती आल्यावर क्रॉसओव्हरचा दिवा स्थिर झाल्यावरच ते पुन्हा चालू करा.